घर पाहावे बांधून, निवडणूक पाहावी लढवून

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



वर्धापनदिनाला मी चार शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी विचारले, "विषय कोणता?" त्या जराही न अडखळता म्हणाल्या, "तुमचा पराभव!" मी म्हटले, छान! लोकांना सत्काराला बोलावतात, मला पडल्याची हकिगत सांगायला बोलावले आहे. पण मागून विचार केला, तेव्हा पटले की बोलावणे योग्यच आहे. गेल्या डिसेंबरात, म्हणजे २०२५ साली, नगरपरिषदांच्या निवडणुका तब्बल नऊ वर्षांनी झाल्या आणि आपल्यातल्या दोघी उभ्या राहिल्या. त्यांतल्या एकीने आता घर बांधायला काढले आहे. तिच्या कामाला आज पाया खणतानाच माझी ठेच उपयोगी पडली, तर माझे पडणे काही अगदीच वाया गेले नाही असे मी समजेन.

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्या आज्या म्हणत. त्या बिचाऱ्यांच्या काळी बायकांना निवडणुकीला उभे राहावे लागत नव्हते, नाहीतर म्हणीत तिसरे पाहणे नक्की घातले असते. ही दोन कामे एकाच मोसमात अंगावर घेण्याचा शहाणपणा मी २०१६ साली केला.

खरे म्हणजे मी उभी राहायचे असे काही ठरले नव्हते. घराचे मात्र ठरले होते. सासऱ्यांच्या वेळचे कौलारू घर गळून गळून थकले होते. ह्यांच्या निवृत्तीला दोन वर्षे उरली होती, तेवढ्यात खाली तीन खोल्या आणि वर गच्ची असे घर बांधून घ्यावे, असा बेत होता. नगरपालिकेकडून नकाशा मंजूर करून आणला, उन्हाळ्यात पाया भरला, जोते झाले, त्याची तपासणी झाली. बिऱ्हाड बोळाच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत हलवले. सारे कसे पंचांगाबरहुकूम चालले होते.

मग आला पावसाळा. आपल्या मागच्या बोळातले गटार तुंबले आणि आठ घरांत गुडघाभर पाणी शिरले, ते तुमच्यापैकी पुष्कळजणींनी स्वतः उपसले आहे. त्या दिवशी मंडळाच्या खोलीत ओल्या लुगड्यांनिशी सभा भरली. "दर वर्षी अर्ज देतो, दर वर्षी पाणी उपसतो. एकदा आपलीच बाई तिथे पाठवू या," असे कोणीतरी म्हणाले. आणि सगळ्याजणी माझ्याकडे पाहू लागल्या. कारण एवढेच की अर्ज लिहायचे काम माझ्याकडे असे.

जागा स्त्रियांसाठी राखीव होती. तरुण मुलींना हे आता सूर्य उगवण्याइतके साहजिक वाटते, म्हणून सांगते. महाराष्ट्राने १९९० साली स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखल्या. पुढे घटनेची ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली आणि देशभर शहरांच्या कारभारात एकतृतीयांश जागा स्त्रियांच्या झाल्या. महाराष्ट्रात २०११ साली त्या निम्म्या झाल्या. दार कायद्याने उघडले होते. आत जाणाऱ्या बाईच्या मागे घरी कोण, हा प्रश्न मात्र कोणत्याही कायद्यात नाही.

अर्ज भरण्याचे दिवस आले ते दिवाळीच्या तोंडावर, आणि नेमका त्याच आठवड्यात आमचा स्लॅब पडला. ज्यांनी घर बांधले आहे त्यांना ठाऊक आहे की स्लॅब पडला म्हणजे काम संपत नाही, सुरू होते. त्यावर मातीची आळी करून पाणी भरून ठेवायचे आणि ते आटू द्यायचे नाही. सकाळी अभ्यंगस्नान आधी स्लॅबला आणि मग आम्हाला, अशी ती दिवाळी झाली. आपल्यातल्या चौघीजणी रोज येत. दोघी नळीने पाणी घालीत, दोघी वाळूच्या ढिगावर बसून मतदारयादीवर खुणा करीत. निवडणुकीची कचेरी म्हणाल तर ती वाळूच होती. चार दिवसांनी पाहिले तर यादीची पाने सिमेंटने कडक झालेली!

माझ्याजवळ दोन वह्या होत्या. एक बांधकामाची, दुसरी निवडणूकखर्चाची. निवडणुकीचा खर्च रोजच्या रोज लिहावा लागतो, त्यासाठी बँकेत वेगळे खाते काढावे लागते, आणि निकालानंतर ३० दिवसांच्या आत सगळा हिशेब द्यावा लागतो. न दिल्यास पुढे उभे राहायलाच अपात्र ठरवतात. आता चहा गवंड्यांनाही आणि प्रचाराच्या मंडळींनाही एकाच किटलीतून जाई. एके दिवशी खर्च दाखवायला गेले, तर तिथले कारकून वही वाचता वाचता थांबले. म्हणाले, "बाई, खडी एक ब्रास? प्रचारात खडीचे काय काम?" मी वह्या बदलल्या होत्या. सारी कचेरी हसली, मीही हसले. पण घरी येऊन एका वहीला लाल आणि एकीला निळे असे पुठ्ठे घातले. हसू येण्यासारखी चूक होती तोवर सुधारली हे बरे झाले. पुढची चूक हसू येण्यासारखी नव्हती.

८ नोव्हेंबरची रात्र तुम्हाला आठवते. मंगळवार होता. रात्री आठ वाजता जाहीर झाले की पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा मध्यरात्रीपासून चालणार नाहीत. आमचे हे बँकेत. दुसऱ्या दिवशी बँक बंद होती, पण ह्यांना जावे लागलेच. तिसऱ्या दिवसापासून सकाळी आठला गेलेला माणूस रात्री साडेदहाला घरी येई तो जेवायचेही त्राण नसे. तोपर्यंत बांधकामावर संध्याकाळची एक फेरी ह्यांची असे. ती बंद झाली, आणि ती बंद झाली आहे हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आले नाही. ह्यांना वाटे मी बघते आहे, मला वाटे हे बघत असतील.

बाजाराच्या दिवशी मजुरांचा पगार असे. तो द्यायला चालणाऱ्या नोटा नव्हत्या. खात्यातून आठवड्याला प्रथम वीस आणि पुढे चोवीस हजार काढता येत, आणि तेही रांगेत नंबर लागला तर. ह्यांनी स्वतःच्या बँकेतून आधी पैसे काढून घेतले असतील असा कोणाचा समज असेल, तर त्यांना ह्यांचा स्वभाव ठाऊक नाही. मलाही रांगेतच उभे राहावे लागले. बिगारी आपापल्या गावी निघून गेले. मिस्त्री आणि त्यांचा पुतण्या एवढेच राहिले. सिमेंटवाल्याने उधारीवर माल दिला म्हणून काम चालू तरी राहिले.

इकडे माझे चिन्ह ठरले, कपबशी. हाती पंधरवडा होता. आणि सारा प्रभाग कुठे, तर बँकेच्या रांगेत! आम्ही तिथेच जाऊ लागलो. त्या वेळी मतदाराला तीन मते द्यायची होती, प्रभागाच्या दोन जागांसाठी दोन आणि नगराध्यक्षपदासाठी एक. पुठ्ठ्यावर बटणे चिकटवून आपल्या भगिनी म्हाताऱ्या बायकांना शिकवीत, "आजी, तीनदा दाबायचं." नोटा बदलून घेणाऱ्यांच्या बोटाला बँकेत शाई लावू लागले, तेव्हा तर नवीच भीती पसरली की आता मत देता येणार नाही. मग आम्ही सांगत सुटलो, बँकेची शाई उजव्या हाताला, मताची डाव्या हाताला, काळजी करू नका.

त्या रांगेतच मला पहिला मोह भेटला. एका भल्या घरच्या गृहस्थांनी बाजूला बोलावले आणि हळूच म्हटले, "वहिनी, साहेबांना सांगून एवढ्या नोटा आतल्या आत बदलून द्या. घरात नऊ मते आहेत." मी हात जोडले आणि पुढे गेले. त्यात माझा फार मोठेपणा नव्हता, कारण ह्यांना असे काही विचारायची माझी छातीच झाली नसती. नऊ मते गेली. रात्री मात्र मला बरे वाटले. आपण स्वच्छ आहोत, असा थोडा ताठाही मनात आला. तो ताठा पुढे तीन दिवस टिकला.

आमच्या प्रचाराचा मुख्य मुद्दा गटार हाच होता. ते तुंबण्याचे कारण सगळ्यांना माहीत होते. दोन्ही बाजूंच्या लोकांनी आपापल्या दाराशी गटारावर फरशा टाकून ओटे केले होते. कोणी त्यावर भांडी घाशी, कोणी दुचाकी ठेवी. सफाईवाल्याचे फावडे आत जाणार कुठून? मी मोजले होते, बावीस ओटे. घरोघर जाऊन मी सांगत होते की मी निवडून आले तर पहिले काम हे, पण त्यासाठी तुम्ही आपल्या फरशा आपण काढा.

रविवार, २० नोव्हेंबर. बोळाच्या मध्यावर राहणाऱ्या आजींच्या दाराशी आम्ही सहाजणी उभ्या होतो. मी माझे नेहमीचे बोलले. आजींनी सगळे ऐकून घेतले. मग डोळ्यांवर हात धरून बोळाच्या टोकाकडे पाहत म्हणाल्या, "सूनबाई, आमची फरशी काढायला काय, दोन पोरं बोलावली की निघंल. पण तुझा जिना कुठवर आलाय, ते बघितलंस का?"

मी पाहिले नव्हते. स्लॅबला पाणी घालायचे दिवस संपल्यापासून मी बांधकामावर फिरकलेच नव्हते. तशीच गेले.

मंजूर नकाशात जिना घराच्या आतून, मध्ये वळण घेऊन वर जाणारा होता आणि बोळाच्या बाजूला दीड मीटर जागा मोकळी सोडायची होती. समोर पाहते तो त्या मोकळ्या जागेत सरळसोट जिना उभा! खालच्या दोन पायऱ्या कुंपणाच्या रेषेबाहेर गटाराच्या काठावर उतरलेल्या, आणि गटारावर पाय ठेवायला एक कोरी फरशी. तेविसावा ओटा माझा होता.

मिस्त्री काही वाईट माणूस नव्हता. तो उलट कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला, "वहिनी, आत घेतला असता तर मधली खोली लहान झाली असती. तुम्ही नाही, साहेब नाहीत, विचारू कोणाला? तुमच्या फायद्याचंच केलं." आणि मग हसून म्हणाला, "आता तर तुम्हीच नगरसेविका होणार. विचारतंय कोण?"

भगिनींनो, हे वाक्य मला आजही ऐकू येते. "विचारतंय कोण?" एखाद्याने रागाने बोलल्याने मला जेवढे लागले नसते, तेवढे हे कौतुकाने बोललेले लागले. मी निवडून यायच्या आधीच माझ्या नावावर एक पायरी चढून घेतली गेली होती.

त्या रात्री हे अकराला आले. मी सांगितले. हे बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मतदान होऊ दे. आठवड्याचा तर प्रश्न आहे. आत्ता तोडलास तर ज्यांना ठाऊक नाही त्यांनाही कळेल. पैसे तरी कुठे आहेत?" ह्यांचे चुकत होते असे मला म्हणवत नाही. पण सकाळी मिस्त्रीला विचारले, तेव्हा त्याने वेगळेच गणित सांगितले. काँक्रीट गुरुवारी ओतलेले. आठवड्याभरात ते निम्म्याहून अधिक पक्के होते, चार आठवड्यांत पुरते. "आज छिन्नी-हातोड्याने निघंल वहिनी. महिन्यानं घण घालावा लागंल, आणि हादरा भिंतीला बसंल." मला वाटते, चुकीचेही तसेच असते. ओली आहे तोवर निघते. एकदा ती जागच्या जागी पक्की झाली की मग तिच्याबरोबर भिंतही हलते, म्हणून माणूस ती तशीच राहू देतो.

सोमवारी दुपारी मंडळाच्या खोलीत मी तुम्हाला सगळे सांगितले. ती सभा तुमच्यापैकी अनेकींच्या लक्षात असेल. मते दोन पडली. काहीजणी म्हणाल्या, "आम्ही उन्हातान्हात फिरलो ते ह्यासाठी का? सहा दिवस राहिले आहेत, गप्प राहा." त्यांचा राग रास्त होता. पायाचे तुकडे त्यांनी पाडून घेतले होते आणि चूक माझ्या घरची होती. दुसऱ्या काहीजणी म्हणाल्या, "उद्या फरशी काढा म्हणून आजींच्या दारात जायचे आम्हाला आहे. तेव्हा आमच्या तोंडावर काय असेल?" शेवटी आपल्या तेव्हाच्या अध्यक्षबाईंनी विचारले, "तुम्ही हरलात तर जिना तोडाल का?" मी म्हटले, "तोडीन." त्या म्हणाल्या, "मग जिंकायच्या आधी तोडायला काय हरकत आहे?" सभा तिथेच संपली.

मंगळवारी जिना तोडला. प्रचाराचे दोन दिवस त्यातच गेले, कारण माणसे नव्हती आणि राडारोडा आपल्याच भगिनींनी घमेल्यांनी वाहिला. सिमेंट, सळई, मजुरी मिळून नुकसान तेवीस हजारांचे, म्हणजे बँकेतून त्या आठवड्यात जेवढे निघू शकत होते जवळजवळ तेवढेच. बोळात लोक जमून पाहत होते. कोणी म्हणाले बाई खरी आहे, कोणी म्हणाले मतांसाठी नाटक चालले आहे. आजी काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांच्या दाराशी पाहिले, तर त्यांची फरशी निघालेली होती.

२७ तारखेला मतदान झाले, २८ ला मोजणी. मी ३७ मतांनी पडले.

जिना तोडल्यामुळे पडले का, असे मला पुष्कळ जणांनी विचारले. मला वाटते, काही अंशी हो. तोपर्यंत ज्यांना वाटत होते की ओट्यांचे बोलणे हे निवडणुकीपुरते आहे, त्यांनी त्या मंगळवारी ओळखले की ही बाई खरोखरीच ओटे काढेल. आणि बावीस ओट्यांमागे मते किती, हा हिशेब तुम्हीच करा. खरे बोलल्याचे बक्षीस लगेच मिळते असे मी तुम्हाला सांगणार नाही. मला मिळाले नाही. त्या रात्री मी स्वयंपाकघरात बसून पुष्कळ रडले, आणि ह्यांनी प्रथमच नोटांच्या गोष्टी सोडून चहा केला. कपबशीतूनच दिला! मग आम्ही दोघेही हसलो.

पण त्यापुढचे सांगितल्याशिवाय ही हकिगत पुरी होत नाही. जानेवारीत मंडळाने पुन्हा अर्ज दिला. आता तो घेऊन जाताना आमच्यापैकी कोणाच्या दाराशी काही नव्हते. आधी आजींची फरशी निघाली होती, मग तिच्या शेजारची, मग समोरची. पावसाळ्यापर्यंत बाविसांपैकी चौदा ओटे लोकांनी आपण होऊन काढले, नगरपालिकेने गटार तळापर्यंत उपसले, आणि २०१७ च्या पावसात बोळातल्या एकाही घरात पाणी आले नाही. आठ ओटे आजही आहेत. निवडून आले असते तर तेही निघाले असते, असे म्हणायचा मोह होतो, पण ते कोणी सांगावे!

आणखी एक. पुढे एकदा नगरपरिषदांचा १९६५ चा अधिनियम मी वाचायला घेतला, तेव्हा त्याच्या ४४ व्या कलमात सापडले की नगरसेवकाने स्वतः, त्याच्या पतीने वा पत्नीने, किंवा त्याच्यावर अवलंबून असणाऱ्याने बेकायदा बांधकाम केले, तर त्याचे पद जाऊ शकते. म्हणजे तो जिना ठेवून मी जिंकले असते, तर त्याच जिन्यावरून खाली आले असते. मी तोडला तेव्हा मला हे कलम माहीत नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगते. माझे कलम म्हणजे आजींचा प्रश्न.

आता ज्या दोघींसाठी मी हे बोलले, त्यांना अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. घर आणि निवडणूक शक्यतो एका वर्षात घेऊ नका. घ्यावीच लागली, तर मंजूर नकाशाची एक प्रत बांधकामावर भिंतीला लावा आणि नकाशाबाहेर एक वीटही लावायची नाही असे मिस्त्रीला पहिल्याच दिवशी सांगा, कारण न सांगितलेली गोष्ट तो तुमच्या फायद्याची म्हणून करतो. ज्या दिवशी घरचे कोणीच पाहायला जाणार नाही, त्या दिवशी काम बंद ठेवा. मजुरी वाचते आणि जिनाही वाचतो. हिशेबाच्या वह्यांचे पुठ्ठे वेगळ्या रंगाचे ठेवा. आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला रोज एकदा विचारा, "आज तिकडे कोण गेले होते?" आमच्या घरात हा एक प्रश्न दहा दिवस कोणी विचारला नाही, त्याची किंमत तेवीस हजार रुपये.

घराचे म्हणाल, तर ते २०१७ च्या मे महिन्यात पुरे झाले. भोगवटा प्रमाणपत्र पहिल्याच खेपेला मिळाले. मधली खोली लहान झाली आहे खरी. मंडळाची बैठक आमच्याकडे असली की वीस जणींना तिथे गुडघ्याला गुडघा लावून बसावे लागते, आणि कोणीतरी म्हणतेच, "जरा मोठी का नाही बांधलीत हो?"

आजी आता नाहीत. पण त्यांच्या दारावरून जाताना मी आजही आपोआप मागे वळते आणि आमच्या घराची बाजू बघून घेते. निवडणुकीला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक बाईला बोळात अशी एक आजी भेटो, आणि तिचे ऐकण्याइतका वेळ त्या धावपळीतही मिळो, एवढे म्हणून मी आपली रजा घेते.